ओल कोणी राखायची?



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो संपाविषयी बोलणार, नाहीतर पगारवाढीविषयी, अशी श्रोत्यांची समजूत असते. मी आज एका आलमारीविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, एस.टी.च्या गाडीत आणि कोर्टाच्या व्हरांड्यात झाले. तेव्हा इतिहास सांगताना पंडितांची शिस्त माझ्याकडून पाळली गेली नाही, तर आपण सांभाळून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या कुंभार पिंपळगावातला एक सुतार मिस्त्री जालन्याला एका गृहस्थांच्या घरी कामाला होता. मिस्त्री आणि मी एका वर्गात बसलेले. ते गृहस्थ नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे परदेशी राहून आलेले आणि सिगारचे शौकीन. आजोबांच्या वेळची एक सागवानी आलमारी त्यांच्या माजघरात पडून होती. तिच्यात त्यांना सिगार ठेवायच्या होत्या. पण नुसत्या ठेवायच्या नव्हत्या. आलमारीला आतून पॉलिश लावायचे नाही, फटी अशा बुजवायच्या की वारा शिरू नये, दार मिटले की गच्च बसले पाहिजे, आणि वर आत पाण्याची सोय करायची! मिस्त्री गावी आला तो थेट माझ्याकडे. म्हणाला, "आरं, जन्मभर मी लाकूड ओलीपासनं जपत आलो. अन् हा भला माणूस मला लाकडात ओल कोंडायला सांगतोय. तू एवढी पुस्तकं वाचतोस, हे काय प्रकरण हाय ते सांग."

मिस्त्रीला जे सांगितले, तेच थोडे वाढवून आज आपल्यापुढे मांडतो.

सिगार ठेवण्याच्या अशा पेटीला किंवा कपाटाला ह्यूमिडॉर म्हणतात. शब्द विसाव्या शतकाच्या आरंभीचा आणि बनावट मोठी गमतीची आहे. पिकदाणीला इंग्रजीत 'कस्पिडॉर' असा एक पोर्तुगीज वळणाचा शब्द होता. त्याच धर्तीवर ओलीच्या अर्थाचा शब्द घेऊन हा 'ह्यूमिडॉर' घडवला गेला. म्हणजे पिकदाणी आणि ओलदाणी या दोघी बहिणी झाल्या. पोर्तुगिजांचे नाव निघालेच आहे तर आणखी एक सांगतो. 'तंबाखू' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला आणि 'आलमारी' हाही त्यांच्याकडूनच आला. दोन्ही पाहुणे एकाच गलबतातून गोव्याच्या धक्क्यावर उतरले आणि मराठी घरात शिरून असे स्थायिक झाले की, ते परके होते हे आज सांगूनही कोणाला खरे वाटू नये.

उत्तर हिंदुस्थानात तंबाखू गेला तो आपल्या दख्खनमधून. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला गेला होता. परतताना त्याने तंबाखू आणि रत्नजडित हुक्का बरोबर नेला आणि 1604-05 च्या सुमारास बादशहापुढे ठेवला. ही हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. बादशहाने दोन-चार झुरके घेतले आणि दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. पुढे 1617 साली जहांगिराने तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचे काय झाले, हे आपल्या कोणत्याही पानपट्टीपुढे उभे राहिले म्हणजे कळते.

आता ओलीकडे वळू. आपल्या जुन्या घरातली साठवणीची साधने डोळ्यांपुढे आणा. कणगी शेणाने सारवायची ती कशासाठी? धान्याला ओल लागू नये म्हणून. भिंतीतले बळद, जमिनीतले पेव, डाळीत कालवलेली राख, ज्वारीत टाकलेला कडुनिंबाचा पाला, या साऱ्यांची खटपट एकच: ओल आणि कीड बाहेर ठेवायची. मिस्त्री चक्रावला तो यामुळेच. आपले सारे घरसामान ओलीशी वैर धरून बनलेले आहे. ओल धरून ठेवणारी साधने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या विड्याच्या पानांचा डबा हे त्यांतले एक. आजीचा पानाचा डबा ज्याने पाहिला, त्याला ह्यूमिडॉरचे तत्त्व निराळे शिकवायला नको.

तंबाखूच्या पानाचा स्वभाव विलक्षण असतो. ते सभोवतालच्या हवेतली ओल पितेही आणि हवेला परतही देते. हवा कोरडी झाली की पान ठिसूळ होते, हात लावताच त्याचा चुरा होतो, त्यातला वास उडून जातो. हवा फार ओली झाली की पानाला बुरशी धरते. सिगार जपणारे लोक हवेची आर्द्रता शंभरात 65 ते 70 आणि उष्णता 18 ते 21 अंश ठेवायला पाहतात. उष्णता 24 अंशांच्या वर गेली की तंबाखूतल्या भुंगेऱ्याची अंडी फुटण्याचा धोका वाढतो. एवढा लहानसा किडा, पण सबंध आलमारीचे पीठ करून टाकतो. आणि आपल्या जालन्याकडचा मे महिना कसा असतो हे मी आपल्याला काय सांगावे! पारा चाळिशीच्या पुढे आणि हवा अशी कोरडी की धुतलेले धोतर वाळत घालून वळेपर्यंत वाळते.

म्हणून आलमारी बदलायची ती अशी. प्रथम आतला जुना रंग, पॉलिश आणि डांबराच्या गोळ्यांचा वास काढून टाकायचा, कारण तंबाखू कोणताही वास चटकन उचलतो. सांधे बुजवायचे, दाराच्या कडेला पट्टी बसवायची. आतून ज्या लाकडाचे पातळ अस्तर लावतात त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. ते ना स्पेनचे, ना खरे देवदार. ते अमेरिका खंडातले झाड असून कडुनिंबाच्या आणि महॉगनीच्या कुळातले आहे. त्याचाच भाऊबंद आपल्या देशात 'तून' या नावाने वाढतो. तुनाचे लाकूड चहाच्या आणि सिगारच्या पेट्यांना वापरीत असत. या अस्तराला पॉलिश करायचे नाही, कारण त्याने ओल प्यायची असते. स्वच्छ पाण्याने ओले केलेले फडके त्यावरून फिरवायचे, काही दिवस दार मिटून ठेवायचे, लाकडाची तहान भागू द्यायची आणि मगच सिगार आत ठेवायच्या. घाई केली तर तहानलेले लाकूड सिगारमधलीच ओल शोषून घेते. फळ्या सलग न ठेवता मध्ये फटी ठेवायच्या म्हणजे हवा खेळती राहते.

आर्द्रता मोजण्याचे यंत्र खरे बोलते की खोटे, हे तपासायला लागते चिमूटभर मीठ. बंद डबीत ओलसर मीठ ठेवले तर आतल्या हवेची आर्द्रता 75 वर येऊन स्थिर होते. यंत्राने तोच आकडा दाखवला पाहिजे. मला हे वाचून आपल्या घरच्या मिठाच्या बरणीची आठवण झाली. पावसाळ्यात शुद्ध मिठाला पाणी सुटले की हवेने पंच्याहत्तरी ओलांडली असे समजावे. खड्याच्या मिठात दुसरे क्षार मिसळलेले असतात, म्हणून त्याला थोडे आधीच पाणी सुटते. आपल्या आयाबहिणी हे शास्त्र कोणत्याही यंत्रावाचून वापरीत आल्या आहेत.

पाण्याच्या सोयीसाठी मिस्त्रीला मी एक युक्ती सुचवली. आपल्या गावाच्या नावातच कुंभार आहे. भाजलेल्या मातीचे भांडे पाणी धरते आणि थोडे थोडे हवेला देते. माठातले पाणी गार होते ते त्या पाझरण्यामुळेच. तेव्हा बिनझिलईची दोन लहान मडकी घे, स्वच्छ पाण्याने भर आणि खालच्या खणात ठेव, असे मी म्हणालो. मिस्त्री खूष होऊन गेला.

इथपर्यंत गोष्ट गमतीची आहे. पण मिस्त्री गेल्यावर मला रात्री झोप लागली नाही. कारण आलमारीचे वर्णन करता करता मला दुसरेच एक ओलीचे कपाट आठवत होते. त्या कपाटात मी लहानपणी झोपलो होतो.

माझी मावशी सिन्नरला दिलेली होती. नाशिक जिल्ह्यातले सिन्नर हे विड्यांचे जुने गाव. 1980 च्या आसपास, मी आठ-दहा वर्षांचा असताना, उन्हाळ्याच्या सुटीत तिच्याकडे जाऊन राहत असे. एकच खोली. मावशी विड्या वळायची. विडीचे पान टेंभुर्णीचे, ज्याला व्यापारात तेंदू म्हणतात. ठेकेदाराकडून ते कोरडे मिळायचे. कोरडे पान वळत नाही, फाटते. म्हणून रात्री ते घंगाळात भिजवायचे, निथळायचे, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सकाळी पत्र्याच्या मापाने कैचीने कापायचे, सुपात घेऊन बसायचे, पानात चिमूटभर तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा. एका विडीत तंबाखू जेमतेम पाव ग्रॅम असतो. अशा हजार झाल्या की हजारीचा दर मिळायचा.

या कामासाठी मावशीचे सारे घरसामान बदलून गेले होते. लग्नात मिळालेल्या पत्र्याच्या ट्रंकेतून साड्या निघून खुंटीवरच्या गाठोड्यात गेल्या होत्या आणि ट्रंकेत ओले पान राहत होते. आंघोळीचे घंगाळ पान भिजवायला गेले. दाणे पाखडायचे सूप तंबाखूला गेले. बाजेखालची गार जागा गोणपाटाने अडवली होती. आणि एप्रिलच्या दुपारी पान कडक होऊ लागले की मावशी दार लोटून घ्यायची, खिडकीवर ओले पोते टांगायची आणि पंखा बंद करायची. वाऱ्याने पान वाळते आणि सुपातला तंबाखू उडतो. आम्ही पोरे घामाने निथळत असू. मी एकदा विचारले, "मावशी, पंखा लाव ना गं." ती म्हणाली, "पानाला सोसत नाही रे राजा."

आलमारीला सांगितलेली कृती आणि मावशीच्या खोलीची तऱ्हा शेजारी शेजारी ठेवून पाहा. फटी बुजवा, वारा अडवा, आत ओल ठेवा. फरक एवढाच की आलमारीत सिगार ठेवतात, आणि त्या खोलीत पाच माणसे राहत होती. तंबाखूची धूळ तीच, वास तोच. मावशीचा खोकला सकाळी आमच्या आधी उठायचा.

एवढे करून ओलीचा हिशेब कुठेच नव्हता. ठेकेदार दर देत होता तो विडीला. भिजवण्याला, निथळण्याला, गुंडाळण्याला, रात्री उठून गोणपाटावर पाणी शिंपडण्याला दर नव्हता. पान वाळून फाटले तर ते तिचे नुकसान. पान कमी पडले तर पदरच्या पैशाने विकत आणायचे. संध्याकाळी माल नेला की ठेकेदाराचा माणूस विड्या चाळायचा आणि मूठभर बाजूला काढायचा. याला 'छाट' म्हणत. छाटीतल्या विड्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. मी तिचे बोट धरून उभा असे. बाजूला काढलेल्या विड्या कुठे जातात, हा माझ्या आयुष्यातला पहिला कामगार-प्रश्न. त्याचे उत्तर मला तिथे कोणी दिले नाही.

पुढे या कामात पडल्यावर मी जगातल्या तंबाखू कामगारांचा इतिहास वाचू लागलो आणि एक गोष्ट वाचून थक्क झालो. क्यूबा देशातल्या हवाना शहरात सिगारच्या कारखान्यात 1865 साली एक प्रथा सुरू झाली. शेकडो कामगार ओळीने बसून सिगारी वळीत आणि मध्ये उंच आसनावर एक वाचक बसून त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपसांत वर्गणी काढून देत. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सरकारने या वाचनावर बंदी घातली. कामगार सिगारी वळताना काय ऐकतो याची सरकारला धास्ती वाटावी, यातच त्या वाचनाचे मोल आले. प्रथा बंदीला पुरून उरली. 'माँतेक्रिस्तो' या प्रसिद्ध सिगारचे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आलेले आहे, आणि ते कामगारांच्या त्या वाचनाच्या आवडीतून आले असे सांगतात. न्यूयॉर्कच्या सिगार कारखान्यातही एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी त्याच्या वाट्याचे काम भरून द्यावे अशी रीत होती. त्या बाकावर बसून शिकलेला सॅम्युअल गॉम्पर्स नावाचा सिगार कामगार 1886 साली अमेरिकन मजूर महासंघाचा अध्यक्ष झाला. आपल्या केरळातल्या कण्णूरकडे विडी कामगारांतही वर्तमानपत्र वाचून दाखवण्याची रीत होती.

हे का घडू शकले? कारण त्या कारखान्यांत पान ओले ठेवण्याची जबाबदारी मालकाच्या इमारतीवर होती. कामगाराचे हात गुंतलेले होते, कान मोकळे होते आणि शेजारी शंभर माणसे होती. मावशीचेही हात गुंतलेले होते आणि कान मोकळे होते. पण शेजारी कोणी नव्हते. दार लोटलेले होते.

याचा अर्थ विडीचे जुने कारखाने म्हणजे स्वर्ग होते, असा कोणी घेऊ नये. 1931 साली रॉयल कमिशन ऑन लेबरचा अहवाल आला. विडीच्या कोंदट, अंधाऱ्या जागा आणि तिथे कामाला जुंपलेली कोवळी मुले यांचे त्यात आलेले वर्णन वाचवत नाही. कारखाना वाईट होता. पण त्याला दार होते आणि त्या दारात तपासनीस उभा राहू शकत होता. 1948 साली कारखान्यांचा कायदा झाला आणि जसजसा तो लागू होऊ लागला, तसतसे कारखाने फुटून ठेकेदारांच्या हस्ते घरोघर पांगू लागले. ज्या घरात काम गेले त्या घरात तपासनीस जाणार कसा? आणि मालक म्हणणार, हे तर तिचे घर आहे. माझा काय संबंध?

याच सुमारास महाराष्ट्रातल्या एका विडी कारखान्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. विडी वळणारा माणूस हवे तेव्हा येतो, हवे तेव्हा जातो, नगावर पैसे घेतो. तेव्हा तो कारखाने कायद्याच्या अर्थाने कामगार ठरतो काय, असा प्रश्न होता. 1961 साली निकाल लागला की ठरत नाही. तिघांपैकी एका न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले होते. संघटनेच्या वर्गात मी तरुणांना तो निकाल समजावून देतो तेव्हा ते वेगळे मतही सांगतो. एकट्या पडलेल्या मताचा पुढे कायदा होऊ शकतो, हे तरुणांनी जाणून घ्यावे.

आणि तसे झाले. 1966 साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. विडी आणि सिगार या दोघींना एका कायद्यात नांदवणारा हा कायदा मी कितीदा वाचला असेन! घरी बसून विडी वळणारी बाईही त्यात कामगार ठरली. त्याचे 29 वे कलम माझ्या विशेष जिव्हाळ्याचे. विडीचे किंवा तंबाखूचे पान ओले करणे आणि कापणे हे काम कारखान्याच्या आवाराबाहेर करण्यास राज्य सरकार परवानगी देऊ शकेल, आणि अशा बाहेरच्या कामाची नोंद मालकाने ठेवली पाहिजे, असे त्यात म्हटले होते. वरवर पाहता बारीकसारीक तरतूद. पण मला त्यात मावशीची रात्र दिसली. पान ओले करणे हे काम आहे, त्याची नोंद झाली पाहिजे, हे देशाच्या कायद्याने लिहून ठेवले होते. तसेच, छाट शंभरात 5 पेक्षा जास्त काढू नये असा निर्बंध त्या कायद्याखालच्या नियमांत आला. कारखानदार पुन्हा न्यायालयात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. केरळात 1968 साली तो अमलात येऊ लागला तेव्हा मंगळूरच्या कारखानदारांनी तिथली कामे बंद केली आणि हजारो माणसे उघड्यावर आली. त्यांतूनच 1969 साली कण्णूरला दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली.

आता तो 1966 चा कायदा राहिलेला नाही. 2020 साली संसदेने मंजूर केलेल्या सुरक्षितता, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांविषयीच्या संहितेत तो विलीन झाला आणि ती संहिता 2025 च्या नोव्हेंबरात अमलात आली. कायदे बदलतात. पण पान तेच आहे, ओलही तीच लागते. तेव्हा कोणत्याही नव्या कायद्याला आपण एक जुना प्रश्न विचारीत राहिले पाहिजे: ओल कोणी राखायची, आणि तिचे मोल कोणी द्यायचे?

याच प्रश्नाची एक बाजू सोलापूरने दाखवली. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात. त्यांच्या संघटनेने घरांसाठी झगडा केला. शहराजवळ कुंभारी या गावी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने 10,000 घरांची वसाहत उभी राहिली आणि 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरे दिली गेली. कामगार संघटनेने वेतन मागावे, घर कशाला, असे त्या वेळी काहींनी मला विचारले होते. मी म्हणालो, ज्या बाईचे घर हाच कारखाना आहे, तिने घर मागणे ही कारखाना सुधारण्याचीच मागणी आहे. निजायची खोली एक आणि पान ठेवायची जागा दुसरी, एवढे झाले तरी एका पिढीचा खोकला कमी होईल.

तंबाखूच्या बाजूने मी बोलत नाही, हेही सांगून ठेवतो. ते विष आहे. विडी काय, सिगार काय, ओढणाऱ्याला दोन्ही सारख्याच भोवतात. एक दिवस हा धंदा बुडावा आणि त्याआधी त्यात गुंतलेल्या बायकांच्या हाताला दुसरे काम मिळावे, असेच मला वाटते. परंतु जोवर धंदा आहे तोवर त्याचा हिशेब चोख असला पाहिजे.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना 1961 साली एका विनोदी नटाने ह्यूमिडॉर भेट दिला होता. 1996 साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्या लाकडी पेटीला 5,74,500 डॉलर आले. मी ही बातमी वाचली तेव्हा मावशी हयात होती. तिला सांगितले. तिने विचारले, "त्यात माणूस बसंल का रे, एवढी मोठी असती का?" मी म्हणालो, नाही, मांडीवर मावेल एवढीच असेल. ती म्हणाली, "मग आपली खोली मोठी की!"

मिस्त्रीची आलमारी उत्तम झाली. गेल्या मे महिन्यात तो मुद्दाम जाऊन पाहून आला. बाहेर उन्हाचा भडका उडालेला असताना आत काटा 68 वर होता. ती खोली यंत्राने गार ठेवलेली होती, हेही त्याने सांगितले. कुंभाराच्या दोन मडक्यांचे गृहस्थांनी फार कौतुक केले आणि मिस्त्रीला मजुरी ठरल्यापेक्षा अधिक दिली. का, तर म्हणे ओलीचे काम नाजूक असते, त्याला वेळ लागतो. मला त्या गृहस्थांचा राग नाही. उलट त्यांनी एक गोष्ट बरोबर जाणली: ओल राखणे हे काम आहे आणि कामाचे पैसे द्यायचे असतात. हे जालन्यातल्या एका शौकीन माणसाला कळते, तर ते सगळ्या धंद्याला कळायला हरकत नसावी.

मावशीची ट्रंक आता माझ्याकडे आहे. तिच्यात मी संघटनेची दफ्तरे ठेवतो: सभासदांच्या याद्या, वेतनाच्या चिठ्ठ्या, कोर्टाचे निकाल. पावसाळ्यात झाकण उघडले की अजून तंबाखूचा वास येतो. कागदांना ओल लागू नये म्हणून मी तळाशी कडुनिंबाचा पाला घालतो.